तुझ्या श्वासापुरती जागा

तुझं नाव घ्यायचं नाही, असं मर्सीने मला बजावलंय. लेक कुणाची? विनंती करणं तुझ्याही रक्तात नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या फिरत्या जिप्सी लोकांत बरेच दिवस कुणी उच्चारत नाही, हाक मारल्यासारखं होऊन त्याचा पाय इथेच अडकू नये म्हणून. बरं बाई, नाही घेत, असं मी तिला म्हटलं. तेव्हा इथे तू नुसतीच ‘तू’. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी कुठल्या भाषेत लिहिते याने तुझं काही अडत नाही. आणि भांडायचं असलं की मला मराठीच लागते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू मधूनच उठून गेलीस, तेही नेहमीसारखी, समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ न देता.

तू गेलीस तेव्हा कडाक्याची थंडी होती, आता झाडांना पालवी फुटलीय. तू गेलीस आणि तुझ्या मर्सीच्या, तिच्या सात वर्षांच्या रोझच्या पायाखालची जमीन गेली. हे मी बोलायची रीत म्हणून लिहीत नाही. नॉटिंगहॅमच्या बाहेरचं ते कुंपणाचं शेत तू आईच्या सोन्याच्या बांगड्या मोडून विकत घेतलं होतंस. पण तिथे राहायची परवानगी सरकारने फक्त तुला दिली, तुझ्या आजारी छातीकडे बघून. तू जिवंत आहेस तोवर तुझे ट्रेलर, म्हणजे तुमची चाकांवरची घरं, तिथे उभे राहणार, आणि तुझी काळजी घ्यायला म्हणून मर्सी आणि तिची पोर. तू गेलीस की सगळं हलवायचं. शेत तुमचंच, पण त्यात झोपायचं नाही. घोडा बांधलात तर चालेल.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा रोझ जेमतेम दहा-बारा दिवसांची होती. मी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळाचं वजन करणारी, आईला चार गोष्टी सांगणारी नर्स. मर्सीच्या पत्त्याच्या जागी ‘मोठ्या रस्त्याच्या कडेला, ट्रक थांबतात तिथे’ एवढंच होतं. आमच्या ऑफिसातली कुणी जायला तयार नव्हती. ते लोक कुत्री सोडतात, शिव्या देतात, गाडीची चाकं काढून घेतात, अशी प्रत्येकीकडे एकेक गोष्ट होती, आणि स्वतः जाऊन आलेली एकही नव्हती. फिरत फिरत ते काम माझ्या टेबलावर आलं. ऑफिसात सावळी मी एकटीच. ‘तुझं नि त्यांचं जमेल,’ सुपरवायझर म्हणाली. कशावरून जमेल, ते काही तिने सांगितलं नाही.

चिखलातून पाय उपसत मी तुमच्या दाराशी आले. आत ट्रेलर इतका लखलखीत होता की मी बूट बाहेरच काढले. ते तुला आवडलं होतं, असं तू मागाहून सांगितलंस. पण पुढच्याच मिनिटाला मी माती खाल्ली. बाळाला हात लावायच्या आधी हात धुवायचे, तर पायरीपाशी एक स्टीलचं भांडं दिसलं, त्यात स्वच्छ गरम पाणी. मी नर्सच्या सवयीने सरळ त्यात हात बुडवले. तू रोझचं वजन होईपर्यंत थांबलीस, आणि मी बॅग आवरत असताना ते भांडं उचलून बाहेर गेलीस आणि पाण्यासकट खड्ड्यात फेकून दिलंस. चांगलं नवंकोरं भांडं.

मी गाडीत जाऊन बसले. माझी आजी गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. गावातल्या विहिरीला तिने हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर वरून पाणी घालणार, तिने ओंजळीत घ्यायचं. एकदा चुकून तिची बोटं कुणाच्या घागरीला लागली, तर त्या बाईने ती घागर आजीसमोर आपटून फोडली. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा घागर फुटल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवायची. तिच्या मुलाने, माझ्या वडलांनी, आम्हाला पुण्यात आणलं, शिकवलं, मी सातासमुद्रापलीकडे येऊन नर्स झाले, आणि इथे चिखलात राहणाऱ्या एका बाईने माझ्या हाताने बाटलं म्हणून भांडं फेकलं. ‘मेली कुठली,’ असं मी तुला मोठ्यांदा म्हणाले. मग रडले. दुसरी कुणी असती तर परत आली नसती. मी पुढच्या आठवड्यात भांडायलाच आले.

‘माझ्या हातांना काय झालंय?’ मी दारातूनच विचारलं.

तू सिगरेट ओढत पायरीवर बसली होतीस. ‘हातांना काही नाही. ते ताटं धुवायचं भांडं होतं. त्यात हात धुतले की ते मोकडी. माझ्या सख्ख्या बहिणीने धुतले असते तरी फेकलं असतं.’

मोकडी म्हणजे तुमच्या भाषेत विटाळलेलं. मग तू माझी शिकवणीच घेतलीस. ताटांचं भांडं वेगळं, अंग धुवायचं वेगळं, कपड्यांचं वेगळं. बायकांचे कपडे पुरुषांच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. कुत्र्याने बशी चाटली तर बशी फोडायची. घरात राहणारे लोक ज्या सिंकमध्ये भाजी धुतात त्यातच मोजे धुतात, हे सांगताना तुझं तोंड असं काही झालं की मला हसू आलं. पुण्यातल्या आमच्या घरमालकीणबाईही असंच तोंड करायच्या, फक्त आमच्याकडे बघून.

मग तू चहा दिलास, काचेच्या कपाटातल्या सोनेरी काठाच्या कपात. मी कप निरखून पाहिला. आपला कप वेगळा काढून ठेवलाय का, हे बघायची सवय आमच्याकडे पोराटोरांनाही असते. पुढच्या खेपेला त्याच कपातून मर्सी प्यायली, त्याच्या पुढच्या खेपेला तू. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तुला आजीची गोष्ट सांगितली.

‘तुझ्या आजीला पाणी न देणारे गॉर्जा होते का?’ तू विचारलंस. गॉर्जा म्हणजे तुमच्यातले नसलेले, म्हणजे जवळजवळ सगळं जग.

‘नाही. आमच्यासारखेच दिसणारे, आमचीच भाषा बोलणारे.’

‘मग त्यांना कळायचं कसं?’

‘आडनावावरून. कुठे राहतो त्यावरून.’

‘कुठे राहतो त्यावरून,’ असं म्हणून तू मान हलवलीस. ते काही तुला समजावून सांगावं लागलं नाही. पण मी पण अशी तशी सोडणारी नव्हते. म्हटलं, तू लोकांचा विटाळ मानतेस, लोक तुझा मानतात, मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक तो काय? ‘मी कुणाला हाकलत नाही,’ तू म्हणालीस, ‘माझं भांडं मी फेकते.’ ते मला पटलं नाही. विटाळ हा शब्दच मला सोसत नाही, मग तो कुणाच्याही तोंडी असो. आपलं हे पहिलं भांडण, आणि ते मिटलं नाही ते नाहीच.

त्यानंतर ते हाकलाहाकलीचं दीड-दोन वर्षांचं पर्व. मी वजनकाटा घेऊन यायची तर जागा रिकामी. गवतावर चुलीचा काळा डाग आणि कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आणून टाकलेले मोठाले दगड, पुन्हा कुणी थांबू नये म्हणून. मग मी त्या भागातल्या सगळ्या गल्ल्या, कारखान्यांच्या मागच्या बाजू धुंडाळत फिरायची. कुठेतरी दोरीवर रोझचे लंगोट वाळताना दिसले की हायसं वाटायचं. एकदा मी पोचले तेव्हा रोझची बाटली स्टोव्हवर तापत होती आणि ट्रेलर ट्रकला जोडून झाला होता. पोलीस घड्याळ बघत उभे. ‘बाटली होऊ दे,’ तू त्यांना म्हणालीस, आणि ते थांबले, कारण मी युनिफॉर्ममध्ये होते. तू एकटी असतीस तर थांबले असते का, असं मी नंतर विचारलं. तू नुसतीच हसलीस आणि खोकत राहिलीस.

रोझची छाती भरली तेव्हाचं तर मी विसरणारच नाही. डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट म्हणाली, पत्ता नाही तर नाव नोंदवता येणार नाही, आणि तसंही जागा नाही. आमच्या मागून एक बाई आली, नवीनच राहायला आलेली, तिने गल्लीचं नाव सांगितलं आणि तिला लगेच जागा झाली. मर्सी पोरीला शालीत गुंडाळून बाहेर गेली. मी तिथे जे बोलायचं ते बोलले, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. शेवटी आमच्या ह्यांना हॉस्पिटलात फोन लावून त्यांच्याकडून औषध मिळवलं. पबच्या दारावर ट्रॅव्हलर्स, म्हणजे तुम्ही लोक, नकोत अशी पाटी असायची. तुला अक्षरओळख नव्हती, पण ती पाटी तू लांबून ओळखायचीस.

म्हणूनच मी तुझ्या मागे लागले होते. कौन्सिलचं स्वस्त भाड्याचं घर माग, मी बरोबर येते. आम्ही या देशात आलो तेव्हा खोली बघायला गेलं की ती ‘आत्ताच गेली’ असायची. हे डॉक्टर, पण दारात उभ्या माणसाला कातडीच दिसते. मग आम्ही कर्ज काढून घर घेतलं, दाराला नंबर आला, आणि बरंचसं थांबलं. वडलांचंही तेच पालुपद होतं: शहरात पक्कं घर करायचं, जिथे शेजारी खोलात शिरणार नाहीत. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. त्यावरून काही कळत नाही. कुणी जास्त विचारलं तर गावाच्या देवळाबद्दल बोलायचं आणि विषय बदलायचा, हे मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं.

‘नॉटिंगहॅममधल्या तुझ्या लोकांना माहीत आहे?’ तू विचारलंस.

‘कुणी विचारत नाही.’

‘मी ते नाही विचारलं.’

मग मी चिडले. म्हटलं, तुला तर सांगायचीही सोय नाही, तुझा ट्रेलरच बोंब मारतो. घरात गेलीस की कुणाला कळणारसुद्धा नाही तू कोण ते. ‘तेच तर,’ तू म्हणालीस. ‘तू घर म्हणतेस ते राहायला नाही, लपायला.’ मी तुला चार दिवस तोंड दाखवलं नाही, इतका राग आला होता. मग मीच तुला आमच्या घरी घेऊन आले, दाखवायला, की बघ, इथे कोण लपलंय? तू स्वयंपाकघरात आलीस, सिंक बघितलं, शेजारचं दार उघडलंस तर संडास. तू ते दार हळूच लावलंस आणि चहा बागेत उभ्याने प्यायलीस, पावसाच्या झिमझिमीत. एवढं मोठं घर आणि पाहुणी बाहेर भिजतेय. हे आतून विचारत होते, तुझ्या मैत्रिणीला आमचं काय वावडं आहे? काय सांगणार? वावडं मोठंच होतं.

मग तू शेत घेतलंस. ज्याने विकलं त्याला वाटलं घोड्यांसाठी घेतेय. ट्रेलर आले तसं गाव उलटलं. सह्यांची मोहीम झाली, कौन्सिलने तिथे राहायची परवानगी नाकारली, तू अपील केलंस, आणि गावच्या हॉलमध्ये सुनावणी बसली. त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. त्या शेताजवळच राहणाऱ्या सुलभावहिनी मोदक वाढता वाढता मला म्हणाल्या, ‘अगं, तू त्या लोकांच्या बाजूने बोलणारेस म्हणे? कशाला पडतेस त्यात? आपणही बाहेरूनच आलो ना, पण कष्ट केले, घरं घेतली. त्यांची लाइनच वेगळी.’ मी विचारलं, वहिनी, तुम्ही सही केलीत? ‘सगळ्यांनीच केली,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता कुठे शेजारणी कॉफीला बोलवायला लागल्यात गं. आपणच कसं नाही म्हणायचं?’ बाई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनीच महिनाभर डबा पाठवला होता. पण त्या दिवशी मी मोदक ताटातच ठेवला.

सुनावणीत लोक चिखलाबद्दल बोलले, चोऱ्यांबद्दल बोलले, गावाचं रूप बिघडेल म्हणाले. मी नर्स म्हणून तुझ्या छातीबद्दल आणि रोझच्या लसींबद्दल सांगितलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, आमचं या बाईंसारख्या लोकांबद्दल काहीच म्हणणं नाही, त्या आमच्यात मिसळल्यात. माझी पाठ थोपटल्यासारखं म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग तू उठलीस, टेबलाला धरून, धापा टाकत. ‘माझी आई यांच्या आजोबांचे बटाटे काढायला यायची. याच शेतात आम्ही उतरायचो, यांच्याच परवानगीने. बटाटे निघेपर्यंत आम्ही गावाचं रूप बिघडवत नव्हतो.’ एवढंच बोलून तू खाली बसलीस. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही, तुझ्याशिवाय.

सरकारचा इन्स्पेक्टर भला माणूस असावा. त्याने परवानगी दिली, पण फक्त तुला, तुझ्या प्रकृतीचा विचार करून. वकिलाने निकाल वाचून दाखवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तू मात्र तो पुन्हा वाचायला लावलास. मग म्हणालीस, ‘म्हणजे मला आता मरायची परवानगी नाही.’ आणि इतकी हसलीस की मर्सीला तुझी पाठ चोळावी लागली.

मी हसले नाही. मला त्याच दिवशी भीती वाटली. म्हणून मी पुन्हा घराचं टुमणं लावलं: आत्ताच मर्सीचं नाव कौन्सिलकडे घाल. तू ऐकेनास. ‘वेळ आहे,’ म्हणायचीस. मग चौऱ्याण्णव साली कायदाच बदलला. तुम्हाला उतरायला जागा करून देणं कौन्सिलांना बंधनकारक होतं, ते गेलं. आणि कडेला थांबलेल्यांना हाकलणं सोपं झालं. आधीही कुठे त्यांनी जागांचे ढीग लावले होते? पण आता तुमच्या तोंडाला पानं पुसायचीही गरज उरली नाही. मी तुला रेडिओवरची बातमी सांगितली. तू खिडकीतून शेताकडे बघत राहिलीस आणि त्या संध्याकाळी सिगरेट सोडलीस. मी पाच वर्षं ओरडून जे झालं नाही ते त्या एका बातमीने झालं.

त्यापुढची दोन वर्षं तू श्वास घेत होतीस तो स्वतःसाठी नव्हे. ऑक्सिजनचं नळकांडं उशाशी, एका हातात नळी आणि डोळे दारातून दिसणाऱ्या पोरीवर. औषध कधी नाकारलं नाहीस, तू, जी आयुष्यात कुठल्या डॉक्टरचं ऐकत नव्हतीस. ‘अजून एक हिवाळा काढते,’ म्हणायचीस, ‘रोझची शाळा नीट लागू दे.’ काढलासही. दुसरा निम्मा काढलास. शेवटच्या आठवड्यात बोलवत नव्हतं, तेव्हा बोटाने मला जवळ बोलावलंस आणि नळी बाजूला करून म्हणालीस, ‘मी थकले गं.’ माझ्या तोंडून फक्त ‘झोप’ एवढंच निघालं. मला म्हणायचं होतं की तू खूप केलंस, आता पुरे, आम्ही बघू. पण आम्ही काय बघणार होतो ते मलाच ठाऊक नव्हतं, मग खोटं कशाला बोलू?

तू गेलीस ती दुपारी. अंत्यविधीपर्यंत तुझ्या लोकांनी तुला क्षणभर एकटं सोडलं नाही. बाहेर शेकोटी, आत तू, आणि कुठून कुठून गाड्या येत राहिल्या. आमच्याकडेसुद्धा माणूस गेलं की एवढी माणसं येतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते नंतर. तुमच्या रीतीप्रमाणे तुझा ट्रेलर जाळायचा, तुझे कपडे, गाद्या, सगळं, आणि ती सोनेरी काठाची कपबशी फोडायची. मी मर्सीला हात जोडले. म्हटलं, तुझा स्वतःचा ट्रेलर गळतोय, रोझला खोकला आहे, हा तरी ठेव. यात ऊब आहे. ‘नर्स,’ ती म्हणाली, ‘आईच्या अंथरुणात मी झोपू?’ आणि मी जोडलेले हात खाली घेतले, कारण माझे सासरे गेले तेव्हा त्यांची गादी आम्हीही दुसऱ्या दिवशी घरात ठेवली नव्हती.

तो जळायला फार वेळ लागला नाही. गावातल्या कुणीतरी फोन केल्यामुळे बंब आला, पण बंबावरच्या पोरांनी टोप्या काढल्या आणि कुंपणाशी उभे राहिले. मर्सीने एकेक कप दगडावर फोडला. मला एक हवा होता, पण मागितला नाही. तुला आवडलं नसतं.

मग कौन्सिलचा माणूस आला. तरुण, अदबशीर. गेटशी थांबून म्हणाला, तुमच्या दुःखाची कल्पना आहे. मग त्याने शेतातला तो जळका चौकोन बघितला आणि मर्सीला म्हणाला, एक ट्रेलर तुम्ही आपणहून हलवलात, त्याबद्दल आभारी आहोत. आता एकच राहिला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मी पुढे झाले, पण तिने माझी बाही धरली. ‘सांगू नकोस त्याला,’ म्हणाली. तुझं मरण असं त्या गेटशी उभं राहून समजावून सांगायचं तिला नको होतं, आणि तिचं बरोबर होतं.

वकील म्हणाला, मर्सीच्या नावाने पुन्हा अर्ज करता येईल, पण तिची छाती धडधाकट आहे. तोवर ट्रेलर हलवावाच लागेल, आणि हलवून उभा कुठे करणार? कौन्सिलने फ्लॅट देऊ केला, तिसऱ्या मजल्यावरचा. नाकारला तर कायद्याच्या भाषेत ती स्वतःहून बेघर झाली असं धरणार, मग तिच्याशी कौन्सिलला काही देणंघेणं नाही. रस्त्याच्या कडेला थांबली तर पोलीस, आणि रोझची शाळा बुडणार. मर्सीने किल्ल्या घेतल्या. आपल्या भांडणात मी जिंकले. घे, तुझ्या तोंडावर सांगायचं होतं हे एकदा, आणि आता तोंडच नाही.

मी म्हणत होते तसंच सगळं झालंय. मर्सीला घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. तिने पत्ता सांगितला, फ्लॅटचा नंबर, तिसरा मजला, आणि त्याच रिसेप्शनिस्टने हसून रोझचं नाव घातलं. ओळखलंसुद्धा नाही. ‘आधी कुठे राहत होता?’ तिने सहज विचारलं. मर्सी म्हणाली, ‘इथेच, नॉटिंगहॅममध्ये,’ आणि खिडकीकडे बघू लागली. तिच्या कानात तुझ्यासारख्या मोठाल्या रिंगा असायच्या ना, त्या नव्हत्या. फ्लॅटमध्ये तिने तिन्ही भांडी मांडलीत, पण संडास स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे ती जेवण बैठकीच्या खोलीत जमिनीवर वाढते. शेजारीण एकदा डोकावून गेली. मर्सीने तिला आपण कोण ते सांगितलेलं नाही. घर गरम आहे, कोरडं आहे. रोझचा खोकला थांबलाय. हे सगळं मला हवं होतं, आणि तुझ्याशिवाय मला ते बघवत नाही.

काल मी गेले होते तर रोझने मला जिन्यात गाठलं. आवाज बारीक करून म्हणाली, ‘नर्स, आई म्हणते शाळेत सांगायचं नाही आम्ही कोण ते. म्हणजे मुलं खेळायला घेतील.’

‘घेतात का?’

‘घेतात.’ मग तिनेच विचारलं, ‘तुला पण लहानपणी असं सांगितलं होतं?’

पोरीला कोणी सांगितलं असेल माझ्याबद्दल? तूच, दुसरं कोण. मी म्हटलं, ‘हो. माझ्या वडलांनी.’

‘मग तू कधी सांगितलंस?’

‘अजून नाही,’ मी म्हणाले.

तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं बघणारी आता तू राहिलेली नाहीस. ते काल झालं. आज सबंध दिवस बसून मी हे लिहिलंय, आणि उद्या ते आमच्या मंडळाच्या अंकासाठी पाठवतेय, आजीच्या वस्तीसकट, खाली माझ्या पूर्ण नावाची सही करून. सुलभावहिनी अंक आला की पहिल्या पानापासून वाचतात.